दार मोडायचं नाही

४ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे बाजूला सारलं असशील आणि वहिनीने उघडलं असेल. वहिनी, त्याला वाचायला लाव. चौदा महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही, तर दोन पानं वाचायला काही धाड भरणार नाही त्याला.

आधी तब्येतीचं लिहितात म्हणून लिहिते. बरी आहे. नोकरी तीच, लिफ्ट दुरुस्तीची. सध्या माझ्याकडे एकेचाळीस लिफ्ट आहेत, त्यातल्या एकोणचाळीस माझं ऐकतात. उरलेल्या दोन तुझ्यावर गेल्यात.

आता काम. लोक काम शेवटी सांगतात. मला ते जमत नाही, तोवर जीव वर-खाली होत राहतो. माझ्याकडे एक कागद आहे, एका पानाचा. मी परत ‘तशी’ झाले तर काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, ते त्यावर लिहिलंय. तशी म्हणजे कशी, हे तुला सांगायला नको. तुझ्याच बाथरूमचं दार होतं, आणि तूच मोडलंस. कागदाच्या खाली दोन माणसांसाठी दोन रकाने आहेत. कळवलं की येणारी माणसं. पहिल्यात आमचे उस्ताद आहेत, ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकले. ते मार्चअखेर निवृत्त होऊन मुलीकडे राहायला चाललेत, लांब. दुसरा रकाना पहिल्यापासून रिकामा आहे. म्हणजे एप्रिलपासून दोन्ही रिकामे.

मला तिथे तुझं नाव हवंय.

आणखी एक, तेही आत्ताच सांगून टाकते. गेल्या सप्टेंबरात कळलं की मला ऑटिझम आहे. हो, तोच, लहान मुलांना असतो तो. ती मुलं पुढे मोठी होतात आणि नोकऱ्या करतात, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. मी अडतीस वर्षांची होईपर्यंत माझ्याही आलं नाही.

फोन करू नकोस. लिही.

तुझी बहीण

१९ फेब्रुवारी

दादा,

‘फोन करू नकोस’ यातलं तुला नेमकं काय कळलं नाही? तीनदा वाजवलास. तिन्ही वेळा मी फोनकडे बघत बसले आणि तो थांबल्यावर अर्धा तास कामाला हात लागला नाही.

नंतर आलेल्या तुझ्या चार ओळी मात्र मिळाल्या. त्या आल्या हेही काही कमी नाही. तू लिहितोस, ‘हे खूळ तुझ्या डोक्यात कुणी भरवलं? चांगली शिकलेली, कमावती बाई तू. आणि एवढंच होत होतं तर मदतीचे नंबर असतात, दवाखाने असतात. जगात सोयी आहेत.’

सोयी! बरं, ऐक.

गेल्या जूनमध्ये एका रविवारी दुपारी तीन वाजता मी असल्याच एका नंबरवर फोन लावला. फोनवर मला सुचत नाही, म्हणून बोलायचं ते आधी लिहून काढलं होतं. पलीकडे एक गोड आवाजाच्या बाई होत्या. मी वाचून दाखवलं. सहा आठवडे धड झोप नाही. जगू नये असं रोज वाटतं. आज ते रोजच्यापेक्षा जास्त आहे.

बाई म्हणाल्या, “अहो, तुमचा आवाज तर किती शांत आहे! छान मुद्देसूद बोलताय.”

मी म्हटलं, “मी वाचतेय.”

त्या हसल्या. म्हणाल्या, “रडू येतंय का?” नाही. “जवळ कुणी आहे का?” मी बघितलं आणि सांगितलं, कपाट आहे. परत हसल्या. मग म्हणाल्या, तुमच्यात विनोदबुद्धी शाबूत आहे म्हणजे सगळं ठीक होणार बघा, गरम पाण्याने अंघोळ करा, आवडीचं गाणं लावा. फोन ठेवल्यावर मी खरंच अंघोळ केली. सांगितलं होतं ना. अंघोळ करून आले तर सगळं होतं तिथेच होतं, फक्त केस ओले.

त्या बाईंवर माझा राग नाही. रडणारा आवाज कसा ओळखायचा ते त्यांना शिकवलेलं असणार. माझं नेमकं उलट आहे. आत जेवढं भडकतं तेवढा माझा आवाज सपाट होतो. आणि अगदीच हाताबाहेर गेलं की तोंडाला कुलूप. शब्दच येत नाहीत, नाटक म्हणून नव्हे.

मग तुझा दवाखाना. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या पायांनी गेले. डोक्यावर एक ट्यूब गूंऽऽ करत होती. तिचा चोक गेला होता, मला कुणी स्टूल दिलं असतं तर मी पाच मिनिटांत बदलून दिला असता. चार तास कान दाबून त्या ट्यूबखाली बसले. शेवटी डॉक्टर आले. “माझ्याकडे बघून बोला,” म्हणाले. मी म्हटलं, बघितलं तर बोलता येणार नाही आणि बोलायचं तर बघता येणार नाही, दोन्हीतलं तुम्हाला काय हवंय ते सांगा. मी मदत करत होते रे! त्यांनी लिहिलं, ‘सहकार्य करत नाही.’ टेबलाच्या पलीकडून कागद उलटा दिसत होता, पण मला उलटं वाचता येतं. झोपेच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं.

आणि तिसरी सोय तर ऐकच. एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ऑटिझमचं केंद्र आहे. दोन वर्षं मी तिथल्या लिफ्टला तेलपाणी करत होते आणि येता-जाता ती पाटी वाचत होते. सप्टेंबरात एकदा लिफ्टचं काम संपवून सरळ आत शिरले. भिंतीवर जिराफ, हत्ती, ढग. खुर्च्या माझ्या गुडघ्याएवढ्या.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, “लिफ्टचं काय असेल ते खाली चौकीदाराला सांगा.”

“लिफ्टचं नाही. तपासून घ्यायचंय.”

“पेशंट कुठंय?”

“हा काय.”

“नाही हो, मूल कुठंय?”

“मूल नाही.”

“मग कुणासाठी आलात?”

असं आमचं बराच वेळ चाललं. शेवटी तिने निक्षून सांगितलं, मोठ्या माणसांचं इथे बघत नाहीत. मी विचारलं, कुठे बघतात? तिला माहीत नव्हतं. मी म्हटलं, मग माहीत होईपर्यंत मी इथेच बसते. तेव्हा आतल्या खोलीतून एक बाई बाहेर आल्या. माझा गणवेश बघितला, हातातला पाना बघितला, आणि दुसरं काही न विचारता म्हणाल्या, “खुर्ची लहान आहे, पण बसा.”

दादा, त्या खुर्चीत गुडघे छातीला लावून बसले आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपण बरोबर जागी आलो. त्यांना मी छोट्या खुर्चीच्या बाई म्हणते. दर गुरुवारी मुलं घरी गेली की त्या माझ्यासाठी एक तास थांबतात. तपासण्या त्यांनी पुढे पाठवून रीतसर करून घेतल्या, कागदोपत्री आहे सगळं. खूळ कुणी भरवलेलं नाही.

आता सांग, नाव घालू का?

तुझी बहीण

७ मार्च

दादा,

तुझं पत्र आलं. ह्या वेळी दोन पानं. वहिनी म्हणते तू दुकानात गिऱ्हाईक बसवून ठेवून लिहीत होतास. त्या गिऱ्हाइकाला चुकीच्या नंबरचा चष्मा गेला नसेल म्हणजे मिळवली.

तू विचारतोस, ‘मग मी करायला काय हवं होतं? आतून धडाधड डोकं आपटल्याचा आवाज येतोय, हाका मारून घसा बसला, उत्तर नाही. दार मोडू नको तर काय करू? आरती ओवाळू?’

प्रश्न रास्त आहे. रागाने विचारलायस, तरी रास्त आहे. त्याचं उत्तर मलाही तेव्हा माहीत नव्हतं. ते ऑगस्टमध्ये कळलं, आणि मागच्या पत्रात मी ते गाळलं होतं. आता सांगते, वहिनीला वाचून दाखवू नकोस.

ऑगस्टमध्ये एका नऊ मजली इमारतीच्या गच्चीवर लिफ्टची मोटर-रूम असते, त्यात मी स्वतःला कोंडून घेतलं. सकाळचे अकरा वाजले होते. त्या दिवशी तिथे माझं काही काम नव्हतं. गच्चीवर का गेले होते ते तू समजून घे. मोटर-रूममध्ये शिरले ती गच्चीला घाबरून. मरावंसं वाटत होतं आणि मरायची भीतीही वाटत होती. हे मी पहिल्यांदा लिहितेय.

उस्तादांनी मला शोधून काढलं. दाराला त्यांनी हातही लावला नाही. लिफ्टमध्ये माणूस अडकला की आम्ही जे बोलतो तेच ते बोलले. तीस वर्षं तेच बोलत आलेत, दुसरं त्यांना सुचलंच नसावं. “मी आलोय. दाराबाहेर आहे. तुला काही करायचं नाहीये. दहा मिनिटांनी परत सांगतो.” आणि बरोबर दहा मिनिटांनी, “दहा झाली. आहे मी इथंच.” मध्येच त्यांनी डबा खाल्ला, झाकणाचा आवाज आला मला. एकही प्रश्न विचारला नाही. पाऊण तासाने मी कडी काढली. ते म्हणाले, “चल, चहा घेऊ,” आणि माझ्यापुढे जिना उतरायला लागले. खाली आल्यावर एवढंच म्हणाले, “आमची नात पण अशीच कान दाबते. ती ऑटिझमच्या केंद्रात जाते, तसल्याच ठिकाणी एकदा जाऊन ये.”

आमच्या कामात हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. अडकलेला माणूस दिसला की नवीन मेकॅनिक धावत जाऊन दार फाकवायला बघतो. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये असते, माणूस घाबरून उडी मारतो आणि जातो खाली. दार उघडणं हे शेवटचं काम. आधी त्याला कळू द्यायचं की कुणीतरी आलंय. मग किती वेळ लागेल ते सांगायचं आणि खरं सांगायचं. वीस मिनिटं लागणार असतील तर पाच म्हणायचं नाही, सहाव्या मिनिटाला तो वेडापिसा होतो. प्रश्न नको, कारण उत्तर द्यायची त्याची परिस्थिती नसते. लिफ्ट मजल्याला लागली की त्याला त्याचं तो बाहेर येऊ द्यायचं, हात धरून ओढायचं नाही.

छोट्या खुर्चीच्या बाईंना मी हे सांगितलं तर त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “हेच लिहा की!” तोच माझा कागद. मी कळवणार ते दोनच शब्दांत, ‘लिफ्ट बंद’. डोकं आपटत असेन आणि दार नुसतं लोटलेलं असेल तर फटीतून उशी सरकवायची, आत यायचं नाही. बोलण्यापेक्षा चिठ्ठी बरी. तासाभरात आवाज थांबला नाही, किंवा मी ‘मोठी दुरुस्ती’ असं लिहिलं, तर दवाखान्यात कळवायचं. तिथे बाईंनी स्वतः जाऊन कागदाची प्रत दिलीय. एका डॉक्टरीणबाईंनी ती वाचून सही केलीय. त्यांच्या खोलीतली ट्यूब मी आधीच बदलून आलेय.

आता दाताचं.

माझं कोपर तुला चुकून लागलं आणि तुझा दात पडला, असं मी चौदा महिने स्वतःला सांगत आले. खोटं आहे. मारलं. मला मागून कुणीतरी गच्च धरलं होतं, तो तू आहेस हे तेव्हा कळत नव्हतं, पण कोपर माझं होतं आणि मी ते जीव खाऊन मारलं. मग ते सायरन, ती चार माणसं, वॉर्डातले नऊ दिवस. त्या नऊ दिवसांचा सगळा राग मी तुझ्या नावावर ठेवला आणि तुझा दात सोयीस्कर विसरले. तुझ्या तोंडातून रक्त येत होतं आणि तरी तू माझी चप्पल शोधत होतास, अँब्युलन्समध्ये अनवाणी जाईल म्हणून. ते मी बघितलं होतं. माफ कर, दादा.

दार मात्र तू मोडलंस. ते मी विसरलेले नाही.

तुझी बहीण

२९ मार्च

दादा,

तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. दाताचं लिहायला नको होतं का? लिहिलं ते खरं होतं, म्हणून मी मागे घेणार नाही.

काल उस्तादांचा निरोप झाला. भाषणं झाली. ते स्वतः दोनच वाक्यं बोलले. एक, बटणं जोरात दाबल्याने लिफ्ट लवकर येत नाही. दुसरं माझ्याकडे बोट दाखवून, “हिचं काम माझ्यापेक्षा सरळ आहे.” मी सगळ्यांसमोर कान दाबले, टाळ्या फार होत्या. त्यांनी टाळ्या थांबवायला लावल्या.

मी ठीक आहे. जेवते, झोपते, गुरुवार चुकवत नाही. पहिल्या रकान्यातलं नाव आज पट्टी लावून खोडलं.

हो म्हण किंवा नाही म्हण. नाही म्हणालास तर मी दुसरं माणूस शोधेन, मला शोधता येतं हे आता तुला कळलंच असेल. पण हे अधांतरी ठेवणं मला सोसत नाही. कागदाची प्रत सोबत पाठवतेय. ठेव नाहीतर चष्मे पुसायला वापर.

तुझी बहीण

२१ एप्रिल

दादा,

परवाच्या रविवारी तू दाराबाहेर होतास. आतलं तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

वरच्या मजल्यावर सकाळी आठला फरशी फोडायला लागले. मी खिडकी लावली, कानांवर हेडफोन घातले, दोन तास बाहेर फिरून यायचं म्हणून बूटसुद्धा हातात घेतले. सगळं कागदाप्रमाणे. पण त्या आठवड्यात ऑफिसात नवा साहेब आला होता, माझ्या निम्म्या लिफ्ट दुसऱ्याला दिल्या होत्या, उस्तादांची खुर्ची कुणीतरी उचलून नेली होती. बूट हातातच राहिले. पलंग आणि कपाटाच्या मधल्या फटीत जाऊन बसले.

नऊ वाजून दहा मिनिटांनी मी ‘लिफ्ट बंद’ लिहिलं. एक छोट्या खुर्चीच्या बाईंना गेलं. त्यांचं लगेच आलं, ‘वाचलं. दर अर्ध्या तासाला लिहीन. दवाखान्यात कळवून ठेवते, बोलवायचं की नाही ते तुम्ही सांगा.’ दुसरं तुला गेलं. रकान्यात तुझं नाव नव्हतं. विचारल्याशिवाय लिहिणं मला पटत नाही. पण बोटांनी तुलाच पाठवलं.

तू येशील असं मला वाटलं नव्हतं. आलास तर खांद्याने दार पाडशील असं वाटलं. बाहेरचं कुलूप चौकीदाराने त्याच्याकडच्या जादा किल्लीने उघडल्याचा आवाज आला, मग तुझ्या त्या फताड्या पावलांचा. मी दोन्ही हातांनी पलंगाचा पाय धरून ठेवला. पावलं खोलीच्या दाराशी थांबली. मी वाट बघितली. धक्का बसला नाही. दाराखालून एक चिठ्ठी आली.

‘१२:०५. आलोय. दाराबाहेर आहे. दार मोडणार नाही.’

दुकानातल्या नंबर लिहायच्या कागदाच्या पाठीवर. मी ती बारा वेळा वाचली. तोवर दुसरी आली. ‘१२:१५. आहे.’ मग, ‘१२:२५. आहे. पाठ दुखतेय, पण आहे.’ कागदावर ‘स्वतःचं रडगाणं गाऊ नये’ असं लिहिलेलं नाही, ती माझी चूक. मग वरचा आवाज एकदम थांबला आणि तुझी चिठ्ठी आली, ‘१२:४५. वर जाऊन आलो. आज काम बंद. भांडलो नाही. थोडंसं भांडलो.’ अंगातला अर्धा ताण तेव्हा ओसरला. आणि एक वाजून पंचवीस मिनिटांची, ‘लहानपणी तू सारखी किती वाजले सांगायचीस म्हणून मी तुला टिकटिक म्हणायचो. आता मला म्हण.’ तेव्हा मला हसू आलं. आवाज फुटला नाही, पण हसले. बाईंना लिहिलं, दवाखाना नको.

तीन वाजायला दहा कमी असताना मी कडी काढली. तू भिंतीला टेकून, पाय पसरून, तोंड उघडं टाकून घोरत होतास. मांडीवर कागदांचा गठ्ठा, हातात पेन. उघड्या तोंडात मला तो दात दिसला. बाकीच्यांपेक्षा पांढरा आहे. चांगला बसवलाय. मी तिथेच तुझ्यापासून दोन हातांवर बसले आणि तू उठेपर्यंत तुला उठवलं नाही. उठलास तेव्हा तू काही विचारलं नाहीस. “चहा?” एवढंच म्हणालास, आणि जीभ चावलीस, कारण तोही प्रश्नच होता. तेवढं चालतं रे. कागद मिळाल्यावरही तीन आठवडे उत्तर का दिलं नाहीस, ते चहा पिताना तू सांगितलंस. कागद पाठ करत होतास म्हणे. वहिनीला बाथरूममध्ये बसवून सराव केलास! तिला माझ्याकडून सांग, फार सोसलंस.

तू गेल्यावर मी चिठ्ठ्या वेळेप्रमाणे लावल्या. सतरा झाल्या. शेवटची तू जाता जाता दारातून उचलून टेबलावर ठेवलीस, ती मी तेव्हा नीट बघितली नव्हती. सवयीप्रमाणे तू ती तुझ्या दुकानातल्या डोळे तपासायच्या तक्त्यासारखी लिहिलीयस, वर मोठं अक्षर आणि खाली खाली बारीक. वर ‘२:४५’. खाली ‘अजून आहे’. त्याखाली ‘झोप येतेय’. आणि अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ. ती कुणाला दिसू नये असंच तुला वाटलं असणार. ‘त्या दिवशी मी फार घाबरलो होतो. दार मोडायला नको होतं.’

कागदावर पहिल्या रकान्यात मी तुझं नाव लिहिलंय. शाईने. दुसरा अजून रिकामा आहे. वहिनीला विचार, पण तिला हो म्हणायची घाई नाही, म्हणावं. तुझी प्रत सोबत आहे. दुकानात लाव, काउंटरच्या आतल्या बाजूला, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशी.

आणि शेवटची ओळ मला वाचता आली. चष्म्याशिवाय.

टिकटिक